पायांवरचा भार

कडाव,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आरोही,
अनेक आशीर्वाद.

तुझं उदमांजर काल दुधाच्या टेंपोतून सुखरूप पोचलं. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, सुतळीने बांधून, वर लाल अक्षरात 'पाणी लागू देऊ नये'. आमच्या गावचं दूध तुमच्या चौक गावच्या ढाब्यांवर जातं म्हणून आपलं बरं चाललंय, नाहीतर तुझी जनावरं पोस्टात मुडपून मेली असती.

चित्र चांगलं झालंय. हे एवढं वाक्य लिहायच्या आधी मी भांडी घासली, म्हशींना पेंड घातली आणि दोनदा चहा केला. पाठीवरचे ते तीन पट्टे, कानामागची लव, मिशांचा एकेक केस अगदी मुळापासून. सरळच सांगते, मला हेवा वाटला. तू सातवीत असताना मावशीबरोबर सुट्टीला कडावला आलीस, तेव्हा पेन्सिल लाटण्यासारखी मुठीत धरायचीस. बोटांत कशी धरायची ते याच मावसबहिणीने दाखवलं. तेव्हा मला काय माहीत, पुढे मलाच ते बघत बसावं लागणार आहे.

मग मी कागद उलटा केला. सहदेव सर जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा नियम आपण दोघींनी मोडला नाही. चित्र फोनवर दाखवायचं नाही, कागद हातात द्यायचा. आणि मागे पाच गोष्टी लिहायच्या: जागा, वेळ, उजेड, अंतर, जनावर काय करत होतं. "पुढच्या बाजूला हात घसरला तर चालेल, मागच्या बाजूला नाही," हे सरांचं वाक्य. तू लिहिलंयस: 'चौक, गॅरेजच्या मागे. पहाटे पावणेसहा. बल्बचा उजेड. तीन हात. उभं होतं.'

तीन हात, आरोही? मी चार दिवस पहाटे बांधाआड बसले. पाय मुंग्यांनी खाल्ले. शेवटी मुंगूस आलं आणि मी पेन्सिल टेकवेपर्यंत गेलंसुद्धा. चार रेघा मिळाल्या. त्याच पाठवतेय. घरी आले तर आमचे हे दारात उभे. "काय गं जया, आज तरी गावलं का तुजं मुंगूस?" म्हटलं, "शेपटी गावली." दिवसभर हसत होते.

आता महत्त्वाचं. निसर्ग मंडळाच्या गोडांब्यांचं पत्र तुलाही आलं असेल. कर्जत-खालापूरच्या शाळांसाठी जनावरांचं पुस्तक काढतायत. आपल्या दोघींकडून सहा-सहा चित्रं मागवलीत, प्रत्यक्ष जनावर बघून काढलेली. फोटोवरून काढलेलं चालणार नाही. पुस्तक एकीचंच होणार. मुखपृष्ठावर तिचं नाव. माझी बावीस वर्षांची चित्रं पत्र्याच्या पेटीत आहेत आणि माझं छापलेलं नाव फक्त रेशनकार्डावर आहे. तरी तुलाही विचारलं याचा मला आनंद झाला.

तुझी,
जयाताई

---

चौक,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,
नमस्कार.

गोडांब्यांचं पत्र आलं. मी आधी ते जितेशला वाचायला दिलं, मला वाटलं चुकून आलंय. तू असताना मला कशाला विचारतात? तू सरांची पहिली विद्यार्थिनी. मी गॅरेजवाल्याची बायको, पोरांची डबे-दप्तरं आवरून मधल्या वेळात रंग भिजवणारी.

तुझं मुंगूस स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलंय. जितेश म्हणाला, "हे काय गं, अर्धंच हाय." त्याला काय कळतंय.

तू विचारलंस, इतकं जवळून कसं मिळालं. अगं, घरामागे येतात. ढाब्यांचं उष्टं-खरकटं आमच्या मागच्या अंगाला पडतं, त्या वासाला. जितेश पहाटे कामावरून आला की मला उठवतो. थंडी असली की बरं पडतं. तरी तासाभरातच उरकावं लागतं, ऊन आलं की काही उपयोग नाही. रंग मी नंतर घरात बसून भरते.

या खेपेला कोल्हा पाठवतेय. मानेवरच्या केसांना आधी नुसतं पाणी फिरवलं आणि मग काळा सोडला, तो आपोआप पसरला. सरांचा सात नंबरचा ब्रश होता म्हणून जमलं. तो ब्रश सरांनी मला दिला याचं तुला वाईट वाटलं होतं, मला माहीत आहे. तुला हवा तेव्हा घेऊन जा.

एक विचारायचं होतं. तुझं ते मुंगूस पळतंय हे नुसत्या चार रेघांत कळतं कसं? कुठली रेघ आधी काढलीस?

तुझी,
आरोही

---

कडाव,
६ डिसेंबर २०२४

प्रिय आरोही,

ब्रश ठेव तुझ्याकडे. दिलेली वस्तू मागून घेण्याइतकी मी हलकी नाही. वाईट वाटलं होतं हे खरं आहे, पण तू ते लिहून दाखवायची गरज नव्हती.

कोल्हा बघितला. काल दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. कढी उतू गेली. त्या मानेवरच्या केसांवर मी बोट फिरवून बघितलं, खरंच मऊ लागेल असं वाटलं म्हणून. माझ्या पेटीतल्या कोल्ह्याचं काय आहे सांगू? डोंगराच्या कडेला एक राखाडी फराटा. मागे लिहिलंय 'दोनशे पावलं, निघून जात होता.' माझ्या सगळ्या जनावरांच्या मागे हेच लिहिलेलं आहे. निघून जात होता, निघून जात होती, निघून गेलं. पंचेचाळीस वर्षांची बाई दर पहाटे उठून जनावरांची ढुंगणं काढत्येय, असं सासूबाई म्हणतात, आणि त्या काही चूक नाहीत.

म्हणून तुझी युक्ती करून बघितली. चार दिवस गोठ्यामागे उष्टी भाकर आणि मूठभर सुकट टाकली आणि पहाटे गवताच्या उडवीआड वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी आमचा वाघ्या कुत्रा आला. दुसऱ्या दिवशी वाघ्या आणखी तिघांना घेऊन आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची मांजर. चौथ्या दिवशी सासूबाई आल्या. "सुकट हितं कुनी टाकली गं? घरात कालवनाला नाय, नि कुत्र्यांची पंगत बसवलीस?" त्यांचं चित्र काढलं असतं तर अंतर तीन हातच होतं.

मग तुझ्याकडेच कोल्हा कसा येतो? तुमच्या चौकला दिवसरात्र ट्रक, हॉर्न, वेल्डिंग. माझ्याकडे शेत, ओढा, मागे डोंगर. जनावराला अक्कल असती तर ते माझ्याकडे आलं असतं.

मला बघायचंय. पुढच्या शनिवारी टेंपोने येते, रात्र राहते, पहाटे तुझ्याबरोबर मागच्या अंगाला बसते. पोहे-बिहे काही करू नको.

पळणाऱ्या मुंगसाची कुठली रेघ आधी, ते तिथेच सांगेन. पत्रात सगळं फुकट कशाला सांगू?

जयाताई

---

चौक,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

या शनिवारी येऊ नको गं. जितेशच्या आईचे गुडघे धरलेत, त्या इकडेच आहेत, घरात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या महिन्यात बघू. राग मानू नको.

वाघाटी पाठवतेय. ही रानातली मांजर आपल्या घरच्या मांजरापेक्षाही लहान असते, एवढीशी. इतकी सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. तिचं काढताना दोनदा थांबावं लागलं. चांगली झालीय की नाही मला कळत नाही, तू सांग.

साळिंदर, ससा आणि भेकर आधीच तुझ्याकडे आहेत. ही धरून माझी सहा झाली. मंडळाकडे द्यायच्या आधी तू एकदा सगळी नीट बघ. चूक असेल तर सांग. तुझ्याइतकं कुणाला दिसत नाही.

आरोही

---

२९ डिसेंबर २०२४

माननीय श्री. गोडांबे,
निसर्ग मंडळ, कर्जत,
यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या पुस्तकासाठी चौकच्या सौ. आरोही यांची चित्रं आपल्याकडे आली आहेत. ती मी पाहिली आहेत. केसांचं काम अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपण प्रत्यक्ष पाहून काढलेली चित्रं मागवली होती, म्हणून दोन गोष्टी कळवणं कर्तव्य समजते.

एक, सहाही जनावरांच्या पायांवर अंगाचा भार दिसत नाही. उभं जनावर जमीन दाबतं. पंजा पसरतो, खांद्याचं हाड वर येतं. या चित्रांत पाय नुसते खाली लोंबतात आणि त्यांच्याखाली जमीन रंगवलेली आहे. दोन, सहाही जणांच्या डोळ्यांत चमकेचा ठिपका एकाच जागी आणि एकाच आकाराचा आहे. कोल्ह्यालाही तोच, सशालाही तोच.

हे जिवंत जनावर समोर ठेवून केलेलं काम नाही. बहुतेक फोटोवरून केलेलं असावं. आपण सुज्ञ आहात.

माझं नाव लिहीत नाही, त्याची कारणं घरगुती आहेत.

आपली,
चित्रकलेची एक जाणकार

---

कडाव,
१ जानेवारी २०२५

प्रिय आरोही,
नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

तुझी सहा चित्रं टेंपोवाल्याबरोबर कर्जतला मंडळाकडे पोचवली. माझीही दिली. जायच्या आधी तुझी सगळी गोठ्यात दोरीवर चिमटे लावून ओळीने टांगली आणि दोन दिवस बघितली. चूक काही दिसली नाही. वाघाटी सगळ्यांत चांगली.

सासूबाईंच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक दे. बाकी सगळं ठीक.

जयाताई

---

चौक,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

गोडांब्यांनी माझी चित्रं परत पाठवली. सोबत चार ओळी. 'एका जाणकार व्यक्तीने लक्षात आणून दिल्याप्रमाणे सदर जनावरांच्या पायांवर अंगाचा भार दिसत नाही. ती फोटोवरून काढली असल्याचा संशय येतो. आपला खुलासा पंधरा दिवसांत यावा, अन्यथा पुस्तकाचं काम सौ. जयवंता यांच्याकडे देण्यात येईल.'

काम तुला गेलं तर मला दुःख नाही. पण फोटोवरून काढते हा डाग घेऊन मी गप्प बसणार नाही. म्हणून आज तुला खरं सांगते. इतके दिवस खोटं लिहिलं, ते मागच्या बाजूलासुद्धा लिहिलं. सर असते तर त्यांनी ब्रश काढून घेतला असता.

ताई, आमच्या घरामागे काही येत नाही. कधीच आलेलं नाही. रात्रभर जुन्या हायवेवर ट्रक धावतात आणि पहाटे काही ना काही रस्त्यात पडलेलं असतं. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला जितेश पहाटे निघतो, तेव्हा त्याला दिसतं. पहिल्यांदा त्याने एक ससा आणला. म्हणाला, "ठेवून येववंना. मागनं येनाऱ्या गाड्यांनी पार फडकं केलं असतं त्याचं." आम्ही गॅरेजमागे आंब्याखाली खड्डा करतो आणि पुरतो. पुरायच्या आधी तासभर ते माझ्यासमोर असतं. मी पेन्सिलीने सगळं उतरवून घेते. उजाडलं की माशा येतात, मग जितेश म्हणतो, "बस झालं आता, दे इकडं."

कागदावर मी त्यांना उभं करते. पडलेलं काढवत नाही. पण मी एकही कोल्हा उभा राहिलेला बघितलेला नाही, ताई. पाय जमिनीला कसे टेकतात ते मला माहीतच नाही. आणि डोळ्यांतली चमक मेल्यावर लगेच जाते, म्हणून ती मी आरशात माझ्या डोळ्यात बघून काढते. सहाही जणांना माझेच डोळे आहेत.

हे कुणाला सांगता येत नाही. रानातल्या मेलेल्या जनावराला हात लावला तरी केस होते म्हणतात. कातड्यासाठी मारलंस असंही कुणी म्हणेल. जितेशने मला शपथ घातलीय. तुला सांगितलं हे त्याला माहीत नाही.

तुझ्यासाठी सगळ्या कागदांच्या मागचं खोडून खरं लिहिलं. दोघांचं इथे उतरवते.

'उदमांजर. जुना हायवे, पुलाच्या अलीकडचं वळण. पहाटे पावणेसहा. गॅरेजचा बल्ब. अंतर: समोरच्या फळीवर. काय करत होतं: काही नाही.'

'वाघाटी. जुना हायवे, नाक्याजवळ. पहाटे साडेपाच. गॅरेजचा बल्ब. अंतर: माझ्या मांडीवर. काय करत होती: अंग अजून गरम होतं.'

'मला हेवा वाटला' असं तू लिहिलं होतंस. मी रोज भाकऱ्या थापताना समोर तुझं मुंगूस बघते आणि रोज जळते. तुझी जनावरं निघून जातात म्हणून तू रडतेस. निघून जाणारं जनावर मला एकदा तरी मिळू दे असं मी देवाला म्हणते.

आता एकच माग‍णं. हे काही उघड न करता तू गोडांब्यांना लिहिशील का, की आरोही फोटोवरून काढत नाही? तुझा शब्द ते मानतील. माझं काम तुझ्याइतकं जवळून कुणी बघितलंय?

तुझी,
आरोही

---

कडाव,
२२ जानेवारी २०२५

आरोही,

पत्र मिळालं. बघते काय करता येतं ते. इथे कापणीनंतरची मळणी उरकायची राहिलीय, म्हशीला रेडकू झालंय. सवडीने लिहिते.

जया

---

कडाव,
२ फेब्रुवारी २०२५

माननीय श्री. गोडांबे यांस,

२९ डिसेंबर तारखेचं आपल्याला आलेलं निनावी पत्र माझं होतं. कारणं घरगुती नव्हती. हेवा वाटला म्हणून लिहिलं.

सौ. आरोही फोटोवरून चित्र काढत नाहीत, हे मला आता खात्रीने माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नये. पायांबद्दल आणि डोळ्यांबद्दल मी जे लिहिलं, त्यात माझी नजर चुकली. पाय बरोबर आहेत. डोळेही बरोबर आहेत.

माझी सहा चित्रं परत पाठवावीत. पुस्तकासाठी ती विचारात घेऊ नयेत. आपल्या मंडळाच्या सभेत हे पत्र वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आपली,
सौ. जयवंता सदू, मु. कडाव

---

कडाव,
६ फेब्रुवारी २०२५

आरोही,

सोबतचा कागद आधी वाच. गोडांब्यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल आहे.

वाचलास? आता समजलं असेल, ती जाणकार व्यक्ती कोण. तू माझ्याकडे मदत मागितलीस तेव्हा मी दहा दिवस गप्प बसले. मळणी वगैरे काही नव्हती, भात कधीच घरात आलंय. म्हैस व्यायली हे मात्र खरं आहे. मला वाटत होतं, पंधरा दिवस असेच जातील, काम माझ्याकडे येईल आणि मग तुला पुढच्या वेळी चांगलं काहीतरी देईन. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवतो ते या दहा दिवसांत कळलं.

काल गोडांबे स्वतः घरी आले. ओटीवर बसले, चहा घेतला. म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने असं का करावं?" मी म्हटलं, "जाणती हाय म्हनून तर जळले." त्यांना ते कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पण पायांचं तुम्ही लिहिलं होतंत ते आम्हालाही पटलं होतं. नक्की नजर चुकली?" आमचे हे बाजूलाच उभे होते. माझ्याकडे एकटक बघत होते. बावीस वर्षांत माझ्या हाताला लोक हसले असतील, नजरेला कुणी हसलं नव्हतं. सर म्हणायचे, जयवंताला जनावराचा भार दिसतो. तेवढं एकच मला येत होतं, आरोही. मी म्हटलं, "नक्की. चष्म्याचा नंबर वाढलाय."

पुस्तक तुझं झालं. मुखपृष्ठावर तुझं एकटीचं नाव येईल. हे मी आनंदाने लिहितेय असं समजू नको. अजून घशाखाली उतरत नाही. गोडांबे गेल्यावर मी गोठ्यात जाऊन रडले, ते पश्चात्तापाने किती आणि पुस्तक गेलं म्हणून किती, हे मला सांगता येणार नाही.

तुझं वाघाटीच्या मागचं वाचलं. ते मी तीनदा वाचलं. चूक काढायला मी तिला दोरीवर टांगली होती.

तू माझ्याशी संबंध तोडलास तर तुझं बरोबर आहे.

जयवंता

---

चौक,
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

मला माहीत होतं.

गोडांब्यांच्या पत्रात 'पायांवर अंगाचा भार' हे शब्द वाचले, त्याच मिनिटाला कळलं. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुके पालथे घातले तरी जनावराच्या पायांकडे आधी बघणारी बाई एकच आहे. म्हणूनच तुला लिहिलं की तूच गोडांब्यांना सांग. म्हटलं बघू, काय करते. तुझ्या त्या दोन ओळींनंतर दहा दिवस काही आलं नाही तेव्हा मी तुझं मुंगूस ओट्यावरून काढलं. फाडणार होते. मग चार रेघांपैकी पहिली कुठली ते शोधत बसले आणि भाकरी करपली.

मला राग आलाय. जितेशला सांगितलं तर तोही चिडला, आधी तुझ्यावर आणि मग शपथ मोडली म्हणून माझ्यावर. राग आज-उद्या जाईल असं मला वाटत नाही.

पण एक गोष्ट तू आणखी खोटी केलीस आणि ती मी चालू देणार नाही. पाय बरोबर नाहीत. तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि आंब्याखाली पुरलेल्या त्या सहा जणांनाही ठाऊक असणार. तुझी नजर चुकलेली नाही. गोडांब्यांना मी कळवलंय की चित्रं छापायला द्यायच्या आधी मला दोन महिने हवेत, पाय पुन्हा काढायचे आहेत. कारण विचारलं तर सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

शनिवारी संध्याकाळी परतीच्या टेंपोने येतेय. सात नंबरचा ब्रश आणत नाही, पेन्सिलच आणते. रविवारी पहाटे बांधाआड दोघींची जागा कर आणि वाघ्याला बांधून ठेव. मला एक जिवंत जनावर चालताना दाखव, कितीही लांब असलं तरी चालेल.

तुझ्याशी मी एक शब्द बोलणार नाही. तसंही तिथे बोलायचं नसतं.

आरोही